पुरेशा अचूकतेचा हिशेब

पिस्तुलाचे काडतूस हे मुळातच जवळच्या कामासाठी जन्माला आलेले असते. जॉर्ज लुगर यांनी १९०२ साली सिद्ध केलेले आणि आज जगभर रूढ असलेले नऊ मिलिमीटरचे काडतूस हातात घेऊन पाहिले, म्हणजे ती आखूड, बोथट नाकाची गोळी आणि तिच्यामागची ती चिमूटभर दारू पाहून, हिच्याकडून फार लांबच्या प्रवासाची अपेक्षा कोणी करू नये, हे शस्त्रविद्येची अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावे. असे असता त्याच काडतुसाला सोळा इंची नळी, खांद्याला टेकवावयाचा दस्ता आणि डोळ्यासमोर लाल ठिपका दाखविणारी काच यांची जोड देऊन, शंभर वारांवर टांगलेली पोलादी तबकडी वाजविण्याचा खटाटोप जे लोक सुटीच्या दिवशी पदरचे पैसे खर्चून करतात, त्यांच्यात मी गेली काही वर्षे वावरत आलो आहे.

हा खटाटोप अगदीच नवा आहे असे मात्र नाही. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल ज्या चव्वेचाळीस-चाळीस काडतुसाची होती, त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर कोल्ट कंपनीने १८७८ मध्ये बाजारात आणले, तेव्हापासून कमरेच्या पट्ट्यातील एकाच काडतुसाने हातातले व खांद्यावरचे अशी दोन्ही शस्त्रे भरण्याची सोय सरहद्दीवरच्या माणसाला झाली होती. आजच्या स्पर्धकापुढे तशी निकड नाही. तरीही युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनने २०१६ साली पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या कार्बाईनसाठी, म्हणजे आखूड रायफलसाठी, स्वतंत्र विभाग उघडला, आणि पाहता पाहता त्यात तरुणांप्रमाणेच मनगटे थकलेले, नजर मंदावलेले वयस्क नेमबाजही मोठ्या संख्येने रुजू झाले. खांद्याचा आधार मिळाला की हाताचा कंप निम्मा विरतो, हे त्याचे साधे कारण होय.

धंद्याने मी मापन-तपासणीचा अभियंता. ह्यूस्टनच्या परिसरात तेलविहिरींवर लागणाऱ्या झडपांचे भाग तपासण्यात माझे आयुष्य गेले. आणि मायक्रोमीटरची सवय जडलेला माणूस म्हणूनच असेल, शहराबाहेरच्या एका क्लबाच्या मॅचमध्ये मला बहुधा क्रोनोग्राफच्या टेबलावर बसविण्यात येते. गोळीचा वेग मोजण्याचे हे यंत्र. आणि त्याच्यामागे बसणारा अधिकारी हा स्पर्धकांच्या लेखी काहीसा जकातनाक्यावरच्या कारकुनासारखा असतो. आपला माल कायदेशीर आहे याची प्रत्येकाला खात्री असते, पण टेबलाजवळ येताना पावले मात्र जड होतात.

या तपासणीचा शिरस्ता मोठा काटेकोर आहे. स्पर्धकाच्या साठ्यातून अधिकाऱ्याने स्वतः आठ काडतुसे काढून घ्यावयाची. त्यांतले एक फोडून गोळी तराजूवर ठेवावयाची. तीन झाडून त्यांच्या वेगांची सरासरी काढावयाची. आणि ग्रेनमधील वजनाला सेकंदागणिक फुटांतील वेगाने गुणून, येणाऱ्या संख्येस हजाराने भागावयाचे. हा भागाकार किमान १२५ आला पाहिजे, आणि दशांशाची दया येथे कोणालाच नाही. पहिल्या तीन बारांत उणे पडलेल्यास आणखी तीन बारांची मुभा असते व सहांतले उत्तम तीन धरले जातात. तरीही उणे आलेच, तर उरलेल्या आठव्या काडतुसाचे काय करावयाचे, त्याची गोळी तोलावयाची की तेही झाडावयाचे, याचा निर्णय स्पर्धकाने स्वतः द्यावयाचा असतो.

एकदा एका सद्गृहस्थांची गोळी तराजूवर नेमकी १२४ ग्रेन भरली, आणि सहा बारांतील उत्तम तिघांची सरासरी आली १,००८ फूट. गुणाकार १,२४,९९२, म्हणजे हिशेबात १२४.९९. वर्षभर पहाटे उठून स्वतःच्या गॅरेजात स्वतःच्या यंत्रावर काडतुसे भरणाऱ्या त्या मनुष्याने क्षणभर माझ्याकडे, क्षणभर तराजूकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, की आठवी तोला. हातोड्यासारखे ते काडतूस-फोडणे मी फळीवर आपटले, दारू बशीत ओतली, गोळी पुसून तराजूवर ठेवली, काटा १२४.३ वर स्थिरावला आणि भागाकार १२५.२९ झाला. तीन दशांश ग्रेन म्हणजे सुमारे वीस मिलिग्रॅम शिसे. तेवढ्यावर त्या दिवशीची त्यांची सारी गुणपत्रिका जिवंत राहिली. मला विशेष वाटले ते त्यांच्या निवडीचे. बंदुकीचा वेग ऐनवेळी वाढण्याची शक्यता कमी, तर ओतीव गोळ्यांच्या वजनातील चढउतार अधिक, हे स्वतःच्या मालाविषयीचे ज्ञान त्यांच्यापाशी होते, आणि त्यांनी नशिबाला कौल लावण्याऐवजी त्या ज्ञानाला कौल लावला.

सीमेला इतके खेटून काडतूस भरण्याचा मोह का होतो, हे समजले म्हणजे दूरच्या नेमाची निम्मी गुंतागुंत उलगडते. दारू कमी तर धक्का कमी, आणि धक्का कमी तर ठिपका लवकर जागेवर येतो; जवळच्या लक्ष्यांवर ही सोय अमोल असते. परंतु जवळ घेतलेली सवलत दूरवर वसूल होते. १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १,२०० फुटांच्या वेगाने सोडली आणि नेम ५० वारांवर जुळवला, तर १०० वारांवर ती ठिपक्याच्या सुमारे पाच इंच खाली लागते व २०० वारांवर साडेतीन फुटांइतकी. त्याऐवजी १४७ ग्रेनची जड गोळी ८९० फुटांच्या संथ वेगाने, अतिशय मऊ धक्क्याने सोडली, तर त्याच १०० वारांवर ती जवळजवळ नऊ इंच खाली जाते. शिवाय वेगातील फरक जवळ दिसत नाही, दूर दिसतो: एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा पन्नास फुटांनी कमी पडला तर १०० वारांवर इंच-सव्वा इंचाचेच अंतर पडेल, पण २०० वारांवर तेच अंतर पाच इंचांच्या घरात जाते. म्हणून माझ्या टेबलावर मी सरासरीपेक्षा तिन्ही आकड्यांतील तफावत अधिक कुतूहलाने पाहतो. सरासरी नियमाला हवी असते; तफावत त्या माणसाच्या हाताची शिस्त सांगते.

वेगवान गोळीलाही तिचे भोग चुकत नाहीत. सामान्य उष्म्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ११२५ फुटांच्या आसपास असतो. हलकी, जलद गोळी नळीतून निघते ती त्याहून वेगाने, आणि लक्ष्याकडे जाता जाता ती मर्यादा उलट्या दिशेने ओलांडते. त्या उंबरठ्यावर हवेचा विरोध एकाएकी विषम होतो, बोथट गोळी थोडी डगमगू शकते, आणि आडवा वारा तिला अधिक ढकलतो. ताशी दहा मैलांच्या वाऱ्यात वर सांगितलेली जलद गोळी १०० वारांवर सुमारे चार इंच बाजूला जाते, तर आरंभापासून ध्वनीच्या आतच राहणारी जड गोळी, अधिक वेळ हवेत असूनही, त्याच्या निम्म्याहून कमी सरकते. प्रथमदर्शनी ही गोष्ट बुद्धीला पटत नाही. पण वारा गोळीला किती ढकलतो हे ती किती वेळ हवेत आहे यावर नव्हे, तर हवेने तिला किती रोखले यावर अवलंबून असते, हे ध्यानात आले की कोडे सुटते. तेव्हा खाली पडणे सोसावयाचे की बाजूला सरकणे, ही निवड स्पर्धकाला घरीच करावी लागते. जे पडणे गणिताने आधी सांगता येते ते पत्करावे, आणि जो वारा कोणालाच आधी सांगता येत नाही त्याच्या हाती कमीत कमी द्यावे, असे माझे मत हळूहळू बनत गेले.

यंत्राचाही या हिशेबात वाटा आहे. पिस्तुलात नळी प्रत्येक बाराबरोबर हलते व झुकते. कार्बाईनमध्ये ती देहाला पक्की जखडलेली असते, आणि म्हणून केवळ नळीच्या मानाने पाहता या शस्त्राची अचूकता त्याच्या काडतुसाच्या लायकीपेक्षा वरचढ भरते. उलटपक्षी बहुतेक कार्बाईनमध्ये बोल्टला कुलूप नसते. केवळ स्वतःच्या वजनाने तो दाब थोपवितो, आणि ते वजन मागे जाऊन पुन्हा पुढे आदळते तेव्हा उखळात मुसळ पडावे तसा दणका ठिपक्याला बसतो. त्यावर उपाय म्हणून कोणी बोल्टाचे वजन कमी-जास्त करतो, कोणी बफर बदलतो, कोणी रोलरने किंवा फिरत्या बोल्टाने विलंब साधणारी महागडी रचना घेतो. नळीच्या लांबीविषयी तर कायद्याचीच अट आहे: सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल १९३४ च्या संघराज्याच्या कायद्यान्वये नोंदवावी लागते, म्हणून पुष्कळ स्पर्धक आखूड नळीपुढे कायमचे जोडलेले पोकळ नळकांडे बसवून लांबी पुरी करतात. गोळीला त्याने तोटा फारसा होत नाही. या काडतुसाची दारू नऊ-दहा इंचांतच आपले बहुतेक काम आटोपते.

परंतु एवढ्या सामग्रीनिशी खरा प्रश्न तसाच राहतो: अचूकता हवी किती? १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया येथे ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या खेळाची घडी घातली, तिने आपल्या ब्रीदात अचूकता, शक्ती आणि वेग या तिघांना एकाच पंक्तीस बसविले, आणि गुणांची रीतही अशी बांधली की तिघांपैकी कोणालाही दुसऱ्यावर कुरघोडी करता येऊ नये. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे, एवढीच ती रीत. समजा एका स्टेजवर, म्हणजे मॅचच्या एका टप्प्यावर, १२० गुण आहेत आणि चांगला नेमबाज ती पंधरा सेकंदांत पुरी करतो. म्हणजे त्याचा एक सेकंद आठ गुणांच्या मोलाचा झाला. कार्बाईनच्या विभागात कागदी लक्ष्याच्या मधल्या पट्ट्यातला बार पाच गुणांचा व त्याला लागून बाहेरचा तीन गुणांचा. तो दोन गुणांचा फरक भरून काढण्यासाठी पाव सेकंदाहून जास्त वेळ नेम लांबविला, तर तो तोट्याचा व्यवहार. पण बार साफ चुकला तर पाच गुण जातात आणि वर दहा दंड पडतो, म्हणजे एकंदर पंधरा. तो टाळण्यासाठी जवळजवळ दोन सेकंद खर्चणे परवडते. हे गणित मनात मुरले, म्हणजे जवळच्या कागदावर हलक्या हाताने आणि दूरच्या तबकडीवर कंजूषाच्या हाताने वेळ का खर्चावयाचा, हे कोणाला शिकवावे लागत नाही.

इचलकरंजीकडचा एक तरुण, नुकताच ज्याला कायम रहिवासाचा दाखला मिळाला होता, माझ्याबरोबर रेंजवर येऊ लागला. यंत्रमागांच्या गावचा असल्यामुळे यंत्राची त्याला उपजत समज; कार्बाईन सोडविणे-जोडणे तो झटकन शिकला. एका सकाळी १०० वारांवर दहा इंच व्यासाची पोलादी तबकडी टांगलेली होती आणि त्याचे बार तिच्या खालच्या काठाला कधी खरचटत, कधी तिच्याखालच्या मातीत धूळ उडवीत.

"काका, ठिपका अगदी मधोमध होता हो," तो वैतागून म्हणाला.

"ठिपका मधोमध होता, यात वाद नाही. नेम तू पन्नास वारांना जुळवला आहेस ना? मग इथे गोळी पाच इंच खाली जाणार."

"म्हणजे पाच इंच वर धरू? पण इतक्या लांबून पाच इंच दिसतात कुठे?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरच टांगलेले होते. दहा इंचांच्या तबकडीचा मध्य आणि तिचा वरचा काठ यांत पाच इंचांचेच अंतर. मी त्याला एवढेच सांगितले, की ठिपक्याचा मध्य तबकडीच्या वरच्या काठावर टेकव आणि मग चाप ओढ. त्याने श्वास सोडला, ठिपका टेकवला, बार काढला. आणि अर्ध्या सेकंदाने पोलादाचा टणत्कार आला. लागोपाठ तीनदा तो आला, तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, की ही मापे सगळ्यांनाच ठाऊक असतात का? ठाऊक असावयास हवीत, मी म्हटले; लक्ष्याचा आकार नियमात लिहिलेला असतो, गोळीचे पडणे तू स्वतः मोजलेले असते, आणि एक दुसऱ्यावर ठेवून पाहणे एवढेच काय ते उरते. लाल ठिपकादेखील एक मापच आहे: कोनाच्या सहा मिनिटांचा ठिपका १०० वारांवर जवळजवळ सहा इंच झाकतो आणि पन्नासावर तीन. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्याजवळ प्रत्येक बाराच्या वेळी फूटपट्टी असते.

त्या टणत्काराचा अर्धा सेकंद मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे. गोळीला १०० वार कापण्यास पाव सेकंदाहून थोडे अधिक लागते. पोलादाचा आवाज परत येण्यास आणखी तेवढाच वेळ जातो. तो आवाज ऐकूनच पुढच्या लक्ष्याकडे वळणारा नेमबाज प्रत्येक तबकडीवर अर्धा सेकंद, म्हणजे वरच्या हिशेबाने चार गुण, केवळ खात्री करून घेण्यासाठी देत असतो. मुरलेला स्पर्धक असे करीत नाही. चाप सुटल्या क्षणी ठिपका कोठे होता हे त्याने पाहिलेले असते. तो काठावर होता तर गोळी मध्यावर जाणार, हे त्याला ठाऊक असते. आणि आवाज येईतो त्याची नळी पुढच्या लक्ष्यावर पोहोचलेली असते. त्या तरुणाला हे समजण्यास वेळ लागला. प्रारंभी तो टणत्काराची वाट पाही. नंतर नंतर आवाज त्याच्या पाठीमागून येऊ लागला.

भारतातील आपल्या लोकांना या खेळाची ओळख फारशी नाही, आणि ती नसावी हे साहजिकच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी नऊ मिलिमीटरचा बोअर खाजगी नागरिकांस निषिद्ध ठरविला आहे, त्यामुळे या जातीची कार्बाईन आपण पाहिली ती पोलिसाच्या खांद्यावरच. महाराष्ट्राला अचूकतेची ओळख आहे ती निराळ्या मार्गाने. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे विश्वविजेतेपद मिळविले, आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आमच्या मधल्या पट्ट्याची रुंदी सुमारे पंधरा सेंटिमीटर. पण तेथील निष्णात नेमबाजही काडतूस निवडतात ते ध्वनीच्या आतच राहणारे, सेकंदाला १,०७० फुटांच्या आसपासचे. वाऱ्याच्या हाती कमी द्यावे हा निष्कर्ष त्यांनी आमच्याआधी कित्येक दशके काढून ठेवलेला आहे.

या दोन अचूकतांत श्रेष्ठ कोणती, असे मला मायदेशी गेल्यावर कोणी विचारते तेव्हा त्या प्रश्नाचीच मला मौज वाटते. कारखान्यात नकाशावर मापाबरोबर टॉलरन्सही लिहिलेला असतो, आणि ज्या भागाला शंभरांश मिलिमीटरची सूट आहे तो हजारांशापर्यंत घासून आणणाऱ्या कारागिराची मी कधी प्रशंसा केली नाही. त्याने मालकाचा वेळ खाल्ला आणि झडप काही अधिक चांगली झाली नाही. तसेच सूट हजारांशाची असता शंभरांशावर भागविणाऱ्याला मी कधी पाठीशीही घातले नाही. कुसाळ्यांच्या लक्ष्यावर सूट जवळजवळ शून्य आहे, म्हणून तेथे सारा वेळ अचूकतेचाच. आमच्या लक्ष्यांवर ती प्रत्येक पावलागणिक बदलते, म्हणून तेथे अचूकता किती घ्यावयाची याचा निवाडा प्रत्येक बाराला नव्याने करावा लागतो. दोघांचाही धर्म एकच, मापाशी प्रामाणिक राहण्याचा.

लांब पल्ल्याचे लक्ष्य हे या निवाड्याचे खरे न्यायासन होय. जवळ चुकीच्या समजुतीनेही बार लागून जातो, आणि माणूस आपल्याला येते असे मानून चालू लागतो. शंभर वारांवर मात्र काडतुसाचे वजन, नळीचा वेग, ठिपक्याचे माप आणि वाऱ्याचा रोख यांपैकी एकाचीही नोंद त्याच्या दफ्तरी नसेल, तर पोलाद मुके राहते. म्हणून या शस्त्राने दूर कसे मारावे हे विचारणाऱ्याला मी रेंजवर नेण्याआधी क्रोनोग्राफच्या टेबलावर बसवितो, त्याच्याच गोळ्या त्याच्याकडून तोलवून घेतो, आणि आकडे त्याच्याच हाताने लिहून घेतो. ते आकडे पाठ झाले की चाप ओढण्यापूर्वी त्याला विचार करावा लागत नाही, आणि ओढल्यानंतर वाट पाहावी लागत नाही. आणि या खेळात सेकंद वाचतात ते याच दोन ठिकाणी.